पटाची बॅटरी

बोरडोह, ता. रामटेक
५ एप्रिल १९८१

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

पत्र उशिरा लिहिते म्हणून तुम्ही रागावला असाल, आणि इंदूमामीने तो राग आणखी तापवून ठेवला असेल. पण या वेळी सांगण्यासारखं काही आहे. आमच्या गावाला लाँच मिळाली.

माझ्या लग्नाला आला होतात तेव्हा डोंग्यात तुम्ही डोळे मिटून बसला होतात, ते मी विसरलेले नाही. धरणाचं पाणी भरल्यापासून गावाच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जंगल. बाजार, बस, दवाखाना, सगळं पैलतीरावर. वारा नसला तर डोंगा निवांत जातो, वारा असला की काही सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सिंधूताईंच्या नवऱ्याला साप चावला. तो पैलतीरापर्यंत पोचलाच नाही, डोंग्यातच गेला. तेव्हापासून गावात कुणाला साधा ताप आला तरी लोक आधी वाऱ्याकडे बघतात.

आता धरणाचं काम संपलं, ठेकेदाराने पसारा उचलला आणि जाताना जुनी लाँच गावाला देऊन गेला. डिझेलचं इंजिन आहे. माझे मोठे दीर देवाजीभाऊ ठेकेदाराकडे तीच चालवायचे, त्यामुळे चालवणारा घरचाच. फक्त बॅटऱ्या तेवढ्या त्याने काढून नेल्या. म्हणून सध्या इंजिन हँडल मारून सुरू करावं लागतं. त्याला दोन दांडगे गडी लागतात, आणि हँडल उलटं फिरलं तर हात गेलाच म्हणायचा.

गावाने मला लाँच कमिटीची सेक्रेटरी केलं आहे. माझी लायकी एवढीच की मी शाळेत शिकवते आणि माझा मामा नागपुरात बॅटऱ्या बांधतो. तेव्हा सांगा, कोणती घ्यावी? रामटेकचा मिस्त्री म्हणतो, ट्रकची एक मोठी बॅटरी बसवा, तिच्यावरच इंजिन सुरू करायचा सेल्फ, तिच्यावरच दिवे, तिच्यावरच तळाचं पाणी उपसायचा पंप. देवाजीभाऊ म्हणतात, एकसारख्या दोन घ्या. हे म्हणतात, मामाजींना विचार आणि ते म्हणतील तसं कर. यांना तुमचा एवढा विश्वास का वाटतो ते मला अजून कळलेलं नाही.

तुमची,
शामला


इंदोरा, नागपूर
१७ एप्रिल १९८१

चि. शामला,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तेजाबाच्या हातानेच उघडलं, त्यामुळे एका कोपऱ्याला भोक पडलं आहे. तिथे मामाची स्तुती लिहिली असशील तर ती पुन्हा लिहून पाठव. बळीरामचा माझ्यावर विश्वास आहे, कारण त्याने मला फक्त डोंग्यात पाहिलं आहे, दुकानात नाही.

आता नीट ऐक. रामटेकच्या मिस्त्रीला माझा जयभीम सांग आणि त्याचं ऐकू नको. इंजिनच्या सेल्फला दम लागतो तो क्षणभराचा, पण तो क्षण फार मोठा. त्यासाठी बॅटरीत पातळ पाट्या पुष्कळ घालाव्या लागतात. दिव्याला आणि पंपाला लागतं थोडं थोडं, पण तास न् तास. त्यासाठी पाट्या जाड हव्या. पातळ पाटीच्या बॅटरीवर रात्रभर दिवे जाळले की काही दिवसांत पाट्या झडतात. मग एके दिवशी सेल्फ मारायला जाल आणि बॅटरी हात वर करील.

तुमच्या भागात शंकरपट भरतो, तेव्हा तुला सांगायला सोपं जाईल. पटाचा बैल शर्यतीत एका दमात दाणीचं टोक गाठतो, पण त्याला दिवसभर नांगराला जुंपलं तर तो बसेल. औताचा बैल दिवसभर चालेल, पण पटात उतरवला तर लोक हसतील. म्हणून दोन घ्यायच्या आणि दोन जातीच्या घ्यायच्या. एक पटाची, एक औताची. पटाचीवर दिवा नाही, पंप नाही, रेडिओ नाही, आणि कुणाच्या लग्नातला भोंगा तर मुळीच नाही. तिला जपा. ज्या दिवशी खरी गरज पडेल, त्या दिवशी तिच्यात दम शिल्लक असला पाहिजे.

दोन्ही मीच बांधून देतो. ट्रकवाले थोडे थांबतील. तुझ्या लग्नात भांडी दिली होती, ती मला स्वतःलाच आवडली नव्हती. यात ती कसर भरून निघेल.

इंदू विचारते, तब्येत कशी आहे. का विचारते ते विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

तुझा,
मधुकरमामा


बोरडोह
२४ मे १९८१

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

दोन्ही बॅटऱ्या सुखरूप पोचल्या. रामटेकपर्यंत बसच्या टपावर आणि तिथून पुढे बैलगाडीत. देवाजीभाऊ गाडीच्या मागे चालत आले, धक्का बसला तर धरायला बरं म्हणून. सगळं गाव काठावर उभं होतं. देवाजीभाऊंनी तारा जोडल्या, बटण दाबलं, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. सिंधूताई रडल्या.

संध्याकाळी विहारात सगळे जमलो आणि तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी दोनदा वाचायला लावलं. लहानूबाबांना तर ते फारच आवडलं. आमच्या गावातले सगळ्यांत वडील म्हणजे हे लहानूबाबा. पूर्वी त्यांचा बैल पटात पहिला यायचा, हे ते अजून सांगतात. पटाचा बैल कसा सांभाळायचा ते त्यांनी उठून सगळ्यांना समजावलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाईच्या मामानं लाख रुपयाची गोष्ट सांगतली. आता तिले कोणी हात लावाचा नाही." तसंच ठरलं. औताची लाँचवर कामाला लागली आहे, दिवे आणि पंप तिच्यावर मजेत चालतात. पटाची मानाने आहे.

मामींना सांगा, तब्येतीचं पुढच्या पत्रात लिहीन. त्या ओळखतीलच.

तुमची,
शामला


इंदोरा, नागपूर
७ जून १९८१

चि. शामला,
आशीर्वाद.

इंदूने ओळखलं. तुझं पत्र वाचून तिने मला पेढे आणायला पिटाळलं आणि ते का आणायचे ते परत आल्यावर सांगितलं. तोवर मी रस्त्यात दोघांना बॅटरी चांगली चालली म्हणून पेढे वाटून बसलो होतो.

पोरी, तुला आई नाही. ती गेली तेव्हापासून तू याच घरात वाढलीस, तेव्हा तुझं माहेर म्हणजे हेच घर. बाळंतपण इथेच होणार, त्यात वाद नको. दिवस भरत आले की लाँचमध्ये बसायचं आणि यायचं. लहानूबाबांना माझा जयभीम सांग. ते आहेत तोवर पटाचीची मला काळजी नाही.

तुझा,
मधुकरमामा


बोरडोह
२६ जुलै १९८१

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

पाणी भरलं आहे. आता पैलतीरावरची माणसं ठिपक्याएवढी दिसतात. पावसाळ्यात बोरडोहला राहणं म्हणजे कैदेत राहणं होतं, तसं या वर्षी वाटत नाही. लाँच रोज जाते-येते. बाजार होतो, डाक येते, मुलं पलीकडच्या हायस्कुलात जायला लागली.

मला बरं आहे. बाळ नोव्हेंबरच्या मध्याला होईल असं रामटेकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवाळीची सुटी लागली की मी नागपूरला येईन, हे पक्कं. त्याआधी शाळा सोडून येता येणार नाही, कारण शिकवायला मी एकटीच आहे.

तुमच्या पटाचीचा थाट तुम्ही बघायला हवा. मागच्या महिन्यात पैलतीरावरच्या एका गावाने लग्नातल्या भोंग्यासाठी ती मागितली होती. लहानूबाबांनी त्या माणसांना चहाही पाजला नाही. तिला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही. बाया मला म्हणतात, तुझ्यासाठीच ठेवली आहे ती. मी हसते, पण मला बरं वाटतं. सिंधूताई म्हणाल्या, "तुयावर माह्यासारखी पाळी येणार नाही वं." हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

यांनी बाळासाठी पाळणा करायला घेतला आहे. एक पाय आखूड झाला आहे, पण मी काही बोलत नाही.

तुमची,
शामला


इंदोरा, नागपूर
९ ऑगस्ट १९८१

चि. शामला,
आशीर्वाद.

दिवाळी फार लांब आहे. इंदू म्हणते, दसऱ्यालाच ये. सारं गाव दीक्षाभूमीला येईल, त्यांच्यासोबत ये आणि इथेच राहा. शाळेचं शाळा बघून घेईल. मी चौथीत नापास झालो तेव्हा माझे गुरुजी दोन महिने रजेवर होते, आणि त्यांनी परत येऊनही मला काही फरक पडला नाही.

माझं हे ऐकणार नाहीस, माहीत आहे. पण एकदा विचार कर. दुकानात खूप काम आहे. पावसात सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदमच रुसतात. तुझी तेवढी रुसत नाही, याचा मला मोठा अभिमान आहे. उमरेडचा एक ट्रकवाला आला की मी त्याला लाँचची गोष्ट सांगतो. तीनदा सांगून झाली, आता तो आला की आधीच कान झाकतो.

पाळण्याचा पाय आखूड असला तर खाली लाकडाचा तुकडा लाव. बळीरामला तसं सांगू नको, रात्री गुपचूप लाव.

तुझा,
मधुकरमामा


बोरडोह
२२ सप्टेंबर १९८१

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

दसऱ्याला मी येणार नाही. मुलांच्या परीक्षा संपवून, सुटी लागली की सरळ निघेन. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. आणि समजा मधेच काही झालंच, तर तुमची बॅटरी इथे असताना मला कशाची भीती? सिंधूताईंच्या वेळी ती नव्हती. माझ्या वेळी आहे.

आमची सगळी गडीमाणसं दीक्षाभूमीला येत आहेत. हेही येतील. हे नाही म्हणत होते, मीच जा म्हटलं. वर्षात एकदा तर जातात. देवाजीभाऊसुद्धा येतील, त्यांच्या हाती मामींना वाळवलेली मोहाची फुलं पाठवते. गावात बाया, म्हातारी माणसं आणि लहानूबाबा. लाँच तेच सांभाळतील, देवाजीभाऊंनी त्यांना सगळं शिकवून ठेवलं आहे. परवा त्यांनी एकट्याने फेरी मारली तेव्हा काठावर आल्यावर पागोटं काढून सगळ्यांना दाखवलं.

माझ्याऐवजी या मंडळींना पोटभर जेवू घाला. मी आले की माझं वेगळं घेईन.

तुमची,
शामला


नागपूर
अशोक विजयादशमी, ८ ऑक्टोबर १९८१

चि. शामला,

घाईत लिहितो. बळीराम आणि देवाजी पुढ्यात बसले आहेत, त्यांच्याच हाती पत्र देतो. आमच्या मोहल्ल्याच्या पाणपोईवर भेटले. जेवण झालं, गप्पा झाल्या, मी देवाजीला सहज विचारलं, पटाची कशी आहे, पाण्याची पातळी बघतोस ना. तो हसत म्हणाला, "नवीच्या नवी आहे मामाजी. मे महिन्यापासून तिले एक बार बी तकलीफ देल्ली नाही. आमी हँडलच मारून राहिलो ना."

मी विचारलं, काहून? तर म्हणाला, "तुमीच तं लिवलं होतं. पटाचा बैल रोज जुंपाचा नसते."

मग सगळं कळलं. पहिल्या दिवशी चालवून पाहिली, त्याच संध्याकाळी काढून विहारात नेऊन ठेवली. फळीवर, पांढऱ्या कापडात. रोज दोन गडी हँडल मारतात आणि ती तिथे मानाने बसते. शामला, मी तुला दिव्याला लावू नको म्हणालो होतो, सेल्फलाही लावू नको असं म्हणालो नव्हतो. ती रोज सेल्फला हवी. इंजिन चाललं की डायनामो तिच्यात परत भरतो, तेच तिचं खाणं. जोडलेलीच नसेल तर तिला भरणार कोण? नुसती ठेवली तरी ती आतल्या आत रिकामी होत जाते. उन्हाळ्यापासून बसून आहे, म्हणजे पाट्या पांढऱ्या पडल्या असतील. ती गेली. तिच्यावर विसंबू नको.

दुकानात एक भरलेली तयार आहे, ती बळीरामबरोबर देतो. उद्या आल्या आल्या लाँचवर बसवा आणि तिच्यानेच रोज सुरू करा. आणि तू दिवाळीची वाट बघू नको. बळीराम आला की त्याच लाँचने उलट पावली नीघ. शाळा गेली खड्ड्यात.

लहानूबाबांना बोलू नको. चूक त्यांची नाही.

मामा


सरकारी दवाखाना, रामटेक
११ ऑक्टोबर १९८१

मामाजींस बळीरामचा जयभीम.

शामला इथे आहे. ती वाचली आहे. बाळ गेलं. मुलगी होती.

दसऱ्याच्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गावात दोन गडी नव्हते. लहानूबाबांनी लाँच सुरू करायचा प्रयत्न केला, झाली नाही. बायांनी हँडल मारून पाहिलं. हँडल उलटं आलं आणि सिंधूताईंचं मनगट मोडलं. मग डोंग्यात घेऊन निघाले. वारा समोरून होता. पैलतीर लागेपर्यंत अंधार पडला. बाळ डोंग्यातच झालं आणि रडलं नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पैलतीरावर पोचलो. ठरल्याप्रमाणे कुणी तरी डोंगा घेऊन आम्हांला न्यायला यायचं होतं. कुणी आलं नाही. आम्ही हाका मारल्या. तुम्ही दिलेली भरलेली बॅटरी मी खांद्यावर घेऊन उभा होतो. बराच वेळ तसाच उभा होतो, खाली ठेवायचं सुचलं नाही. मग चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, तुमच्या गावची बाई काल संध्याकाळी दवाखान्यात नेली.

तुमचं पत्र मी तिला दिलेलं नाही. वाचून काढलं आणि खिशात ठेवलं. द्यायचं का ते तुम्ही सांगा.

बळीराम


इंदोरा, नागपूर
१५ नोव्हेंबर १९८१

चि. शामला,

दवाखान्यात आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी संत्र्यांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि निघालो. इंदू म्हणाली, थांबायचं होतं. मला थांबवेना. मी महिनाभर तुला काही लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तारीख आहे. आज घरात बसवत नाही आणि दुकानातही बसवत नाही.

मी तुला सगळं सांगितलं. पाट्या सांगितल्या, दिवे सांगितले, भोंगा सांगितला. रोज चालव, एवढं सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नागपुरात बॅटरी बसून राहते कुठे? ट्रक थांबला की मालक ओरडतो. आणि वर मला शहाणपण सुचलं, बैलाचं उदाहरण दिलं. बैल दावणीला उभा असला तरी चरतो, पाणी पितो, बरा राहतो. बॅटरी नाही राहत. हे मला माहीत होतं. तीस वर्षं हेच काम करतो आहे आणि बैलाचं उदाहरण दिलं.

तुमच्याकडे चांगली वस्तू आली की लोक ती वापरत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मीही तशाच घरातला आहे. तुझ्या आईने मी दिलेलं लुगडं कधी नेसलं नाही. पेटीत ठेवलं, चांगल्या दिवसासाठी. ती गेली तेव्हा आम्ही ते तिच्या अंगावर घातलं. हे सगळं मला ठाऊक होतं, शामला, आणि तरी मी तुम्हांला जपा म्हणून लिहिलं.

हल्ली दुकानात जो येईल त्याला मी सांगतो, बॅटरी बसवून ठेवू नका, चालवत राहा. ट्रकवाले हसतात. हे काय सांगायची गोष्ट आहे का, म्हणतात. मलाही तसंच वाटलं होतं.

तू इकडे ये. बाळंतपणासाठी नाही तर आरामासाठी ये. न बोललीस तरी चालेल.

तुझा,
मामा


बोरडोह
१३ डिसेंबर १९८१

मामाजी,
जयभीम.

दवाखान्यात मी तुमच्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर फार वाईट बोलले असते. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. मग यांचा आला, हे माझं ऐकून गेले म्हणून. मग लहानूबाबांचा. ते रोज येऊन आमच्या दारात बसतात. मग माझाच आला, पत्र वाचून तर मीच दाखवलं होतं. आता कुणाचाच येत नाही. सगळ्यांनी जपलंच होतं, मामाजी. एवढं जपलेलं दुसरं काही आमच्या गावात नव्हतं. त्यामुळे राग काढायला माणूसच सापडत नाही, आणि तो आत तसाच राहतो.

तुमचं दसऱ्याचं पत्र यांनी शेवटी दिलं. मी वाचलं. ते आदल्या दिवशी आलं असतं तर, हा विचार मी करत नाही. म्हणजे करते, पण कुणाला सांगत नाही.

एकच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. ती यांनाही सांगितलेली नाही. मला लाँचमध्ये गादीवर निजवलं होतं. बाया विहारातून बॅटरी घेऊन आल्या. चौघींनी धरून, जपून, ठेच लागू नये म्हणून खाली बघत आणली. सिंधूताईंनी वरचं पांढरं कापड सोडलं. बॅटरी खरंच नवी होती, मामाजी. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती. लहानूबाबांनी तारा जोडल्या, आणि मला कळा येत असूनही मी हसले. मी सिंधूताईंना म्हटलं, "भिऊ नका, माह्या मामाजीची बॅटरी आहे." लहानूबाबांनी बटण दाबलं. टक् असा एक आवाज आला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग तोही आला नाही.

औताचीवर आदल्या संध्याकाळी बायांनी विहारात ट्यूब लावून वंदना घेतली होती. मग तिच्यावर लावून पाहिलं, तर इंजिन थोडं फिरलं आणि थांबलं. ते तिचं कामच नव्हतं.

मी तुम्हांला दोष देत नाही असं लिहिणार होते. पण ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. कधी तरी लिहीन.

नागपूरला मी एवढ्यात येणार नाही. शाळा सुरू केली आहे. मुलं फार शहाण्यासारखी वागतात, गोंधळ करत नाहीत, त्याचा मला त्रास होतो. पाळणा यांनी मोडून टाकला. लाकूड चुलीत घालायला माझं मन होईना, म्हणून ते मागच्या पडवीत तसंच आहे.

तुम्ही पाठवलेली भरलेली बॅटरी देवाजीभाऊंनी लाँचवर बसवली आहे. तुमच्या पत्रात लिहिलं होतं, तिच्यानेच रोज सुरू करा. ते यांनी विहारात वाचून दाखवलं, आणि लोकांनी ते मनावर घेतलं आहे. आता रोज संध्याकाळी, फेऱ्या संपल्यावर, सगळं गाव काठावर जमतं. कुठे जायचं नसतं. लहानूबाबा लाँचवर चढतात आणि बटण दाबतात. इंजिन थोडा वेळ चालवतात आणि बंद करतात. मग सगळे घरी जातात. मी जात नाही, पण आमच्या घरापर्यंत आवाज येतो. मी दार लावून घेते तरी येतो.

रोज पहिल्याच झटक्याला लागतं, मामाजी.

शामला